ठिपकी खाली बसत नाही

३ मार्च

ठिपकी आजही उभीच. सकाळी गेले तेव्हा उभी, जेवून गेले तेव्हा उभी, दिवेलागणीला दिगूनं कडब्याची पेंढी सोडली तेव्हाही उभी. मागचे पाय आलटून पालटून उचलते आणि पुन्हा टेकवते. डबल ड्यूटी झालेली नर्स भिंतीशी अशीच उभी राहायची. बस म्हटलं तरी बसायची नाही, कारण एकदा बसलं की उठवणार नाही हे तिचं तिला ठाऊक.

आणि ही तर गाभण. महिना-सव्वा महिन्यात विणार.

दिगूला विचारलं. माझा धाकटा भाऊ. पन्नाशी आली तरी उत्तर देण्याआधी डोकं खाजवतो. "नवा गोठा हाय अक्का. रुळायला टाइम लागतो."

नवा गोठा! खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, चारी बाजूंनी पार वरपर्यंत भिंती, भिंतींना चुना. बांधायला काढला तेव्हा मी नांदेडला, मेट्रनचं क्वार्टर रिकामं करायच्या गडबडीत. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर

असो. विचारलं नाही.

५ मार्च

पंचायतीचे जनावरांचे डॉक्टर आले. फटफटीवर. तरुण आहेत, भांग नीट, बूट चकचकीत. दारातूनच म्हणाले, "वा दिगंबरराव! हॉस्पिटल केलंत की हो अगदी!"

मी म्हटलं, "हॉस्पिटलात पेशंट झोपतात, डॉक्टर. तुमची ही पेशंट इथं आल्यापासून उभी आहे."

हसले. म्हणाले, "मॅडम, जनावर उभ्यानं पण झोपतं."

"ते घोडं. ही गाय आहे. शिंगं दिसतात ना तुम्हाला?"

दिगूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला उठले. शाळेतल्या मदर म्हणायच्या, रागातलं वाक्य आधी कागदावर लिहावं, मग वाटलं तर बोलावं. कॉन्व्हेंटमधून मी बाकी सगळं शिकून आले, एवढं सोडून. आधी बोलते, मग इथं येऊन लिहिते.

चहा घेताना कळलं. नवीनच झालेल्या जिल्ह्याच्या कचेरीतून साहेब येणार आहेत. तालुक्यातला एक गोठा 'आदर्श' म्हणून निवडणार, त्यावर पाटी लावणार. डॉक्टरांनी दिगूचं नाव कळवलंय. गव्हाणी भिंतीला चिकटवून का बांधल्या तेही कळलं. मधला रस्ता रुंद राहावा म्हणून. साहेबांना चालायला.

७ मार्च

आज जे पाहिलं ते नीट लिहायचं आहे.

शेतात काडी नाही, त्यामुळे जनावरं, म्हणजे ठिपकी, म्हैस आणि दोन बैल, दिवसभर दावणीलाच. फक्त टँकर आला की हौदावर नेतात. आज दिगू चाकूरला गेला होता. मी आणि कला, म्हणजे माझी भावजय, आम्ही दोघी घेऊन गेलो. पाणी पाजलं. कला बादल्या भरत होती, म्हणून मी ठिपकीला हौदाजवळच्या लिंबाखाली नेलं आणि दोर सैल सोडला.

तिनं जमीन हुंगली. थोडी पुढे झाली, पुन्हा हुंगली. मग पुढचा एक गुडघा मोडला, मग दुसरा. क्षणभर तशीच, पुढून टेकलेली आणि मागून उभी. मग सगळं मागचं अंग एका बाजूला सोडून दिलं. बसली. आणि श्वास सोडला. कलानं बादलीवरून मान वर करून पाहिलं, इतका मोठा तो श्वास होता.

मी शेजारी दगडावर बसले. थोड्या वेळानं पोटातून काहीतरी गळ्यापर्यंत वर आलं ते मला बाहेरून दिसलं, कातडीखालून, आणि ती रवंथ करू लागली. डोळे अर्धे मिटलेले. एवढा प्रचंड देह, काळे ठिपके, पांढरं अंग, आणि सगळ्यातून शांतता वाहते आहे. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये मी शेकडो वेळा गुडघे टेकले, असं एकदाही जमलं नाही.

मग उठली. ते तर मी आयुष्यात कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं असेल, लक्ष दिलं नव्हतं. आधी मान लांब पुढे फेकली, वल्हं मारावं तशी. त्या झोक्यानं मागचं अंग उचललं. मागून उभी, पुढून गुडघ्यांवर. थांबली. मग पुढचा एक पाय, मग दुसरा.

मान फेकायला पुढे निदान एका हाताची मोकळी जागा लागते. गोठ्यात तिच्या नाकापुढे गव्हाण, आणि गव्हाणीला लागून भिंत.

तिला बसता येत नाही असं नाही. बसलं तर उठता येणार नाही, हे तिला कळतं.

८ मार्च

गोठ्यात छत्री घेऊन गेले, मापं घ्यायला. दावं इतकं आखूड की मान खाली जमिनीपर्यंत पोचत नाही. फरशीवर मी चप्पल काढून उभी राहिले. पाणी मारलेली होती. माझा म्हातारीचा पाय सरकला, खुराचं काय होईल?

मग घरातून बुद्धवंदनेच्या जागेवरची अगरबत्ती आणून पेटवली आणि गाय बसली तर तिचं नाक जिथं येईल तिथं धरली. वॉर्डात आम्ही असंच बघत असू. धूर सरळ वर. हलतच नाही. वर पत्र्याखाली जाऊन साचला आणि तिथून पसरून पुन्हा खाली यायला लागला.

कला दारात. "अक्का, गोठ्याची बी वंदना करून राहिलाव का?"

म्हटलं, "अगं हवा बघतेय. दुपारच्या वेळी हा गोठा नाही, भट्टी आहे."

"मग सांगा की त्यांला. मी सांगितलं तर म्हणत्यात, तुला काय कळतंय."

"मला कळतं असं तरी कुठं म्हणतो तो?"

१० मार्च

माझा शहाणपणा. पूर्वी साहेबांच्या बंगल्यांना वाळ्याचे पडदे असत, तशी गोणपाटं ओली करून दारावर आणि खिडकीवर टांगली. तासाभरात आतली हवा धोबीखान्यासारखी झाली. म्हशीनं तोंड उघडून धापा टाकल्या. वारा आत येत होता तेवढाही मीच अडवला, वर टँकरचं पाणी घालवलं. दिगूनं गोणपाटं काढली, पिळून घडी घातली. ओरडला असता तर बरं होतं.

आत गरम आहे ते बाहेर जायला वाट नाही, हा खरा रोग. ओलं फडकं कपाळावर ठेवून न्यूमोनिया बरा होत नाही.

१२ मार्च

घसरली. सकाळी फरशी धुतली, साहेब कधीही येतील म्हणून रोज धुतात, माणसांना प्यायला मिळत नाही आणि फरशीला अंघोळ. ठिपकी वळायला गेली आणि मागचे दोन्ही पाय फाकले. मधोमध खाली आपटली. ओरडली नाही. डोळे एवढे मोठे झाले. दिगू, कला आणि मी, तिघांनी शेपटीला आणि कमरेला धरून उभं केलं. उजव्या मांडीला सूज. पोटाला मार लागला नसावा. नसावा.

उभी आहे. थरथरते आहे.

१३ मार्च

दिगूशी भांडण. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला माझंच बोलणं गोड करून आठवणार नाही.

मी: "ही फरशी उखड. आजच्या आज."

तो: "अक्का, लई बोलू नगं. तुला काय म्हाईत ही फरशी म्हंजी काय हाय."

मी: "दगड आहे."

तो: "बापाचा गोठा कसा होता? पऱ्हाट्यांचा. गावाबाहेर. कुणी माणूस वाकून बी आत बघत नव्हता. सायब आपल्या वस्तीत कधी आला होता का? आता येतोय. चपला घालून येतोय, बसून चा पिणार हाय. आन पाटलाच्या गोठ्यात सुदिक फरशी न्हाई."

मग माझ्याकडे न बघता: "तुला समदं मिळालं. शाळा, टोपी, मेट्रन. मला हा गोठा मिळाला."

 वडील मुदखेडला रेल्वेत सांधेवाले होते. सिस्टर लोकांनी शाळेत घरातलं एकच मूल घेतलं, आणि ती मी होते. दिगू गावाकडे वतनाच्या जमिनीवर राहिला.

तरी ठिपकीनं काय करायचं? तिनं आमच्या घराण्याचा मान स्वतःच्या गुडघ्यांवर उचलायचा?

हे मी त्याला म्हटलं नाही. पहिल्यांदाच आधी कागदावर.

१५ मार्च

आज फार हसले. आणि हसता हसता काम झालं.

दुपारी ऐन उन्हात दिगूला गोठ्यात बोलावलं. म्हटलं, भांडायचं नाही, एक गंमत कर. ठिपकीची जागा रिकामी होती, कला तिला लिंबाखाली घेऊन गेली होती. त्याला म्हटलं, इथं बस. गाईसारखा. हातपाय टेकून, तोंड गव्हाणीकडे.

"येड लागलंय का तुला?"

"साहेबांना दाखवायचंय ना? आधी मला दाखव."

बसला बिचारा. लहानपणी मी घोडा हो म्हटलं की व्हायचा, तसाच. त्याच्या उपरण्याचं दावं केलं, गळ्यात सैल घातलं आणि ठिपकीचं बांधतात तेवढंच आखूड धरलं. म्हटलं, आता मी चहा पिते, तोवर असाच रहा. अर्धा कप झाला नाही तर घामानं निथळला. "अक्का, गुडघं फुटाय लागले." म्हटलं, तू तर बारीक आहेस. आता ऊठ. पण गाईसारखा ऊठ. मान पुढे फेक, मागचं अंग आधी वर कर.

त्यानं मान फेकली. कपाळ गव्हाणीच्या कडेवर असं आपटलं की चुना उडाला.

कला नेमकी दारात येऊन उभी. आधी तोंडाला पदर लावला, मग पदर काढून मोकळ्यानं हसली. "आता कळलं व्हय ठिपकी का बसंना!"

मला वाटलं तो चिडणार. तो तिथंच फरशीवर बसून राहिला, कपाळ चोळत.  मग विचारलं, "मान टाकायला किती जागा लागती म्हणालीस?"

१६ मार्च

दिगूनं पहार घेतली. गवंड्याला बोलावलं नाही. म्हणाला, मी बशिवली, मीच काढतो. पहिली फरशी निघताना आवाज झाला तेव्हा मला आत घरात जावंसं वाटलं. गेले नाही. त्यानं एकही तोडली नाही. सगळ्या अख्ख्या काढून बाहेर भिंतीला उभ्या केल्या.

१८ मार्च

गव्हाणी पाडून भिंतीपासून पुढे बांधल्या, मान वरून फेकता येईल इतक्या ठेंगण्या, मधला रस्ता गेला. साहेबांनी बाहेरून चालावं. खाली मुरूम टाकून चोपला, दाराकडे जरा उतार दिला. वर कोरड्या नदीतली वाळू आणि वाळलेल्या शेणाचा चुरा. कडबा अंथरायची चैन यंदा कुणाला? तो खायलाच पुरत नाही. पण या चुऱ्यावर हात ठेवला आणि चकित झाले. कोरडा, मऊ, थंड. लघवी पडली की शोषून घेतो, वरवर काढला की झालं. धुवायला पाणी लागत नाही. दुष्काळातला गोठा असाच हवा होता, आणि आम्ही नेमका उलटा बांधला.

पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतीतून खालच्या बाजूला विटा काढल्या, बसलेल्या गाईच्या नाकाच्या उंचीवर. पत्रा तापू नये म्हणून वर तुराट्या आणि पाचट. माथ्यावरचा पत्रा एका रेघेत उचलून फट ठेवली.

दिगू वरून ओरडला, "पाऊस आला तर आत पडंल की!"

कला खालून, "येऊ द्या! त्याचीच वाट बघून राहिलाय अख्खा जिल्हा!"

अगरबत्ती पुन्हा लावली. धूर आडवा गेला. मग वळला, वर चढला, माथ्याच्या फटीतून निघून गेला. पाण्यासारखा. आम्ही तिघं वर बघत राहिलो. हवा दिसत नाही म्हणतात. आज दिसली.

१९ मार्च

दावी लांब केली. पहिल्याच दिवशी म्हशीनं लांबलेल्या दाव्याचा फायदा घेऊन कलाचा शिंदीचा झाडू खाल्ला. अख्खा. कला म्हणते, अक्का, हे तुमच्या खात्यात.

म्हैस बसली. दोन्ही बैल बसले. एकानं तर मान पोटाशी वळवून घेतली, मांजरासारखी.

ठिपकी उभी.

२० मार्च

उभी. वाळू हुंगते आणि मान वर घेते.   बाहेर भिंतीला फरशा उभ्या आहेत.

घसरली ते विसरली नसणार. वॉर्डात एकदा पडलेली म्हातारी बाई नंतर पलंगाची दांडी सोडत नाही. जमीन बदलली हे तिला आपण सांगून कळत नाही.

२१ मार्च

उभी.

२२ मार्च

बसली.

मी शेंगा निवडत दारात बसले होते, मुद्दाम तिच्याकडे पाठ करून, कारण बघितलं की ती माझ्याकडे बघत उभी राहते. मागून तो श्वास आला. वळले नाही. डोळे भरून आले, शेंगा दिसेनात. बऱ्याच वेळानं वळले. चारही पाय पोटाशी, हनुवटी वाळूवर. रवंथही नाही. झोप. गाढ. कित्येक दिवसांची.

दिगूला हाक मारली नाही, तो आपणच आला. दारात थांबला. चप्पल काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. आम्ही दोघं तसेच. चार जनावरं बसलेली, तीन रवंथ करताहेत, एक झोपलेली. त्या रवंथीचा एकत्र आवाज मी कशासारखा लिहू? लांब कुठेतरी खूप माणसं वाळक्या पानांवरून सावकाश चालली आहेत, घाई नाही कुणाला.

दुष्काळ, टँकर, छावण्या, सगळं बाहेर. इथं एवढीशी जागा, आणि तिच्यात ही शांती मावते. मी काही केलं म्हणून नव्हे. आम्ही फक्त आडवे येणं थांबवलं.

३० मार्च

साहेब आले. सोबत डॉक्टर. डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा. "दिगंबरराव, फरशी कुठंय? मी वर कळवलं होतं!"

साहेब सज्जन. रुमालानं नाक झाकलं, मग वास नाही हे लक्षात आल्यावर काढला. म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण आदर्श म्हणजे लोकांना बघितल्यावर वाटलं पाहिजे. हे तर सगळे पूर्वी करायचे तसंच दिसतंय.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. दिगू आधी बोलला.

"सायब, खाली बसा की. मऊ हाय."

साहेबांनी आपल्या विजारीकडे पाहिलं. बसले नाहीत. चहा बाहेर, उखडलेल्या फरशांच्या ओट्यावर घेतला. त्या फरशांचा दिगूनं परवाच ओटा केलाय, वस्तीतले लोक संध्याकाळी बसतात. पाटी दुसऱ्या गावाला जाणार हे ठरल्यासारखंच.

गेल्यावर मी म्हटलं, वाईट वाटतंय का? म्हणाला, "वाटतंय की. खोटं कशाला बोलू." मग वैरण टाकायला गेला.

६ एप्रिल

कडबा संपत आला. दिगू म्हणतो, ठिपकीला छावणीत नेऊ, तिथं निदान उसाच्या शेंड्यांचं वाढं मिळतं. जळकोटच्या वाटेवरची छावणी बघून आले. रांगाच्या रांगा. सावली नावाला. जनावरं अशी गच्च बांधलेली की एक बसलं तर दुसऱ्यानं उभं राहायचं कुठं? माझा पारा चढलाच, तिथल्या माणसाला म्हटलं, रांग फिरवा, दोन प्रहरची सावली आत येईल. म्हणाला, "बाई, एकेक दिवस निभावून राहिलाव आमी." खरं होतं ते.  आणि एवढ्या हालातही शेकडो गाई एकाच वेळी रवंथ करत होत्या. उन्हात. तक्रार नाही. माझ्या अंगावर काटा आला, आदराचा.

ठिपकी छावणीत जाणार नाही. बैलांना नेलं. त्यांच्या वाटचा कडबा तिला.

१२ एप्रिल

कास भरली. शेपटीच्या दोन्ही बाजूंनी खोल खड्डे पडले. पण हाडं मोजता येतात इतकी वाळली आहे. जे खाल्लं ते सगळं आतल्याला दिलं.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीत सकाळपासून निळे झेंडे, बँड. दिगू दरवर्षी मिरवणुकीत पुढे असतो. आज कपडे घालून निघाला आणि गोठ्यात डोकावला तो परत आलाच नाही.

ठिपकी आडवी पडली होती. मागे भरपूर जागा, पुढे भरपूर जागा. कुणी तिला धरलं नाही. आधी दोन खूर, मग त्यांवर टेकलेलं नाक. मी आयुष्यभर बाळंतपणं पाहिली, हात धुवून, टोपी घालून, हुकूम देत. आज हुकूम द्यायला काही नव्हतं. वासरू झालं. कालवड. वाळूवर, स्वच्छ. ठिपकीनं पडल्या पडल्या मान वळवून चाटायला घेतली.

आणि मग ती एवढीशी, ओली, पाय काड्यांसारखे, तिनं मान पुढे फेकली. मागचं अंग वर. पुढचे गुडघे जमिनीवर. थांबली.

कुणी शिकवलं? जगात येऊन चहा उकळण्याइतकाही वेळ झाला नव्हता.

पडली. पुन्हा. तिसऱ्यांदा उभी राहिली. बाहेर मिरवणूक चालली होती, कला रडत होती आणि म्हणत होती, "जयंतीची हाय पोरगी, जयंतीची."

संध्याकाळ. ठिपकी अजून उठली नाही.

१५ एप्रिल

उठली नाही. प्रयत्न करते, मान फेकते, मागचं अंग उचललं जात नाही. कान गार. डोळे मंद. दिगू तालुक्याला डॉक्टरांकडे धावला.

ते आले. फटफटी नीट उभी न करताच आत. "कॅल्शियम गेलंय सगळं दुधात. त्यात ही उपासमार." मानेच्या शिरेतून बाटली लावली, सावकाश, एक हात काळजावर ठेवून ठोके मोजत. विजारीचं काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. मी बाटली धरली. हात अजून स्थिर आहे माझा.

मी विचारलं, "उठेल?"

"सांगता येत नाही, मॅडम. फरशीवर असती तर मांड्या आत्तापर्यंत" आणि थांबले. मग म्हणाले, "मी तेव्हा हॉस्पिटल म्हणालो होतो."

म्हटलं, "चुकीचं नव्हतं. पेशंट झोपली आहे आता. उठवायचं बाकी आहे."

१६ एप्रिल

कूस बदलतो. थोड्या थोड्या वेळानं, तिघं मिळून, एकदा या बाजूला, एकदा त्या. एकाच अंगावर राहिली तर पाय मरतात. हे मला येतं. लकवा झालेल्या माणसांना मी वर्षानुवर्षं असंच वळवलं. पाचटाची उशी करून मांडीखाली. मालीश. कला कालवडीला हातानं चीक पाजते. कान जरा कोमट वाटतात. की मला वाटावंसं वाटतं?

शेजारचा म्हातारा येऊन म्हणाला, बांबू घालून उचला. मी नको म्हटलं. दिगूनं माझ्याकडे पाहिलं. त्याची गाय. त्याचा गोठा. मी एकदा त्याला माझं ऐकायला लावलंय, पुन्हा कोणत्या तोंडानं?

"तू सांग, अक्का," म्हणाला. "तू सांगशील तसं."

हे ओझं फरशीपेक्षा जड.

१७ एप्रिल

सकाळी तिनं दोन पेंढ्या खाल्ल्या. कालवड गोठाभर उड्या मारते, आईच्या पाठीवर पाय देते. डॉक्टर दुसरी बाटली देऊन गेले. म्हणाले, आज नाहीतर

मी म्हटलं, वाक्य पूर्ण करू नका.

दुपारी. हे गोठ्यातच बसून लिहिते आहे, घमेल्यावर.

आत्ताच मान फेकली. मागचं अंग उचललं. खरंच उचललं. कमरेची हाडं तंबूच्या बांबूंसारखी वर आली, सगळं अंग थरथरतंय. पुढून गुडघ्यांवर आहे. तिथंच थांबली आहे. खाली वाळू, पुढे मोकळी जागा, जेवढी लागते तेवढी.

कलानं कालवडीला मिठीत धरून ठेवलंय. दिगू अर्धा वाकलेला, दोन्ही हात पुढे.

"धरू का अक्का? सांग. धरू?"

पडली तर पुन्हा ताकद राहील असं वाटत नाही. धरलं तर तिचा तोल जाईल. दोन्ही खरं आहे.

म्हटलं, हात लावू नकोस. मागे ये.

तो मागे आला. माझ्या शेजारी उभा आहे, श्वास ऐकू येतो त्याचा.

अजून गुडघ्यांवर. डावा खूर वाळूत चाचपडतोय.

आता तिचं ती.